पिल्लाचे पाय पाळण्यात?

गोठ्याच्या आडोशाला, कडब्याच्या गंजीला लागून एक जुने पोते अंथरलेले असते. त्यावर सात पिल्ले एकमेकांच्या अंगावर लोळत असतात. आई उंच, सडपातळ, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. ती थोडी दूर बसून आलेल्या माणसावर नजर ठेवते. माणूस परभणीहून किंवा गंगाखेडहून मोटारसायकलवर आलेला असतो. तो उकिडवा बसतो, एकेक पिल्लू उचलतो, उलटसुलट करून पाहतो, खाली ठेवतो आणि फिरून पहिलेच उचलतो. घरधनी काही बोलत नाही. शेवटी पाहुण्याला राहवत नाही. ‘‘यातलं चांगलं कोणतं?’’ घरधन्याचे उत्तर ठरलेले असते, ‘‘सगळीच चांगली हायेत की!’’

पाहुण्याला वाटते, हा विकणाऱ्याचा चतुरपणा. पण खरे सांगायचे तर घरधन्यालाही ठाऊक नसते. महिना-दीड महिन्याच्या जिवाकडे पाहून दोन वर्षांनी तो कसा निघेल हे सांगणे अवघड असते. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपली म्हण आहे. पण ती आपल्याला आठवते बाळ मोठे होऊन कर्तबगार निघाल्यावर! पिल्लू निवडणाऱ्याला ही सवलत नाही. पाय आजच पाहायचे असतात आणि पैसेही आजच मोजायचे असतात. म्हणून या व्यवहारात एक नजर तयार झाली आणि त्या नजरेची एक भाषाही. ती नजर काय पाहते, ती भाषा काय सांगते आणि काय सांगायचे राहून जाते, हे समजून घेण्याजोगे आहे.

खंडोबाच्या यात्रेत

परभणी जिल्ह्यातून गंगाखेड, पालम मागे टाकले की नांदेड जिल्ह्यातला लोहा तालुका लागतो आणि त्यात माळेगाव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास इथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. भंडारा उधळला जातो, वाघ्या-मुरळी नाचतात, आणि त्याच वेळी माळावर घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा बाजार फुलतो. पशुप्रदर्शनांत इथे कुत्र्यांचीही स्पर्धा होते. लाल फेटा बांधलेला मालक, हातात दोरी, दोरीच्या टोकाला उंच पायांचे, निमुळत्या तोंडाचे जनावर असा थाट.

कुत्र्याचा मान इथे असावा हे साजेसेच आहे. घोड्यावर बसलेल्या खंडोबाजवळ त्याचा कुत्रा असतोच. वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे समजत, कोटंब्यात वाढलेले अन्न कुत्र्यासारखे भुंकत खात. ज्या मुलखात देवाच्या भक्ताला कुत्रा होण्यात कमीपणा वाटत नाही, तिथे चांगल्या कुत्र्याची पारख करणारी माणसे निपजली तर नवल नाही.

या माणसांचे आवडते जनावर म्हणजे कारवान. लातूर जिल्ह्यातले चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी ओळखले जाते. अंगावर आखूड केस असतात तो कारवान. कानांवर, शेपटीवर, पायांमागे रेशमासारखी झालर असते तो पश्मी. पश्चिम आशियातून येणाऱ्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, यांचे पूर्वज आले असे मानले जाते. सलुकी, ताझी या तिकडच्या कुत्र्यांशी यांचे रूप जुळते. कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी याच वळणाच्या कुत्र्यांना आश्रय दिला, म्हणून तिकडे ते मुधोळ हाउंड. आजही केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीला ‘कारवान हाउंड’ म्हणतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यात मुधोळला जागा मिळाली. मराठवाड्यातल्या घरधन्याला यातले काही माहीत असते, काही नसते. त्याच्या लेखी तो नुसता ‘कारवानी’.

दोन बोली

कुत्र्याची पारख करणारा हा माणूस आधी गुरांचा पारखी असतो. परभणी, नांदेड, लातूरच्या पट्ट्यात लाल कंधारी गुरे आहेत. खोंड विकत घेताना इथला शेतकरी कातडीचा लाल रंग, वशिंड, गळ्याखालची पोळी, खूर, शेपटीचा गोंडा पाहतो, अंगावरचे भोवरे कुठे आहेत ते पाहतो, आणि मग चालवून बघतो. तीच नजर तो कुत्र्याच्या पिल्लावर टाकतो. तोंड लांब आहे का? छाती खोल आणि पोट आत ओढलेले आहे का? पाय सरळ पडतात का? मग त्याच्या ठेवणीतल्या कसोट्या निघतात. मानेच्या सैल कातडीला धरून पिल्लू उचलायचे; केकाटले तर भित्रे, गप्प राहिले तर धाडसी. जबडा उघडून टाळू पाहायचा. काळा असला तर कुत्रा कडवा निघणार. नखे मोजायची, ‘वीसनखी’ असले तर मग विचारायलाच नको.

नखांचा हिशेब असा. बहुतेक कुत्र्यांना पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी अठरा नखे असतात. एखाद्याला मागेही अंगठ्यासारखे एकेक जास्तीचे नख येते, ती वीस. हे नख आनुवंशिकतेने येते. धाडसाशी त्याचा संबंध नाही, तसा टाळूच्या रंगाचाही नाही. कातडीला धरून उचलल्यावर पिल्लू गप्प राहते त्यालाही साधे कारण आहे. आई पिल्लांना तोंडात धरून हलवते तेव्हा निपचित राहणे हा त्यांचा उपजत स्वभाव आहे. आपण त्याला शौर्य समजतो.

आता दुसरी बोली ऐकू. पुण्या-मुंबईत, किंवा औरंगाबादेत म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, प्रदर्शनासाठी कुत्री पैदा करणारे ‘ब्रीडर’ आहेत. त्यांच्या घरी पिल्ले जन्मली की प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा पडतो, रोज वजन होते, वहीत नोंद होते. आठवा आठवडा लागला की टेबलावर रबराची चटई घालून पिल्लाला चारही पायांवर नीट उभे करतात. यालाच ‘स्टॅक’ करणे म्हणतात. खांद्याचा कोन, पाठीची रेघ, मागच्या पायांचा बाक हे सारे बाजूने पाहायचे, छायाचित्र काढायचे. मग तोंड उघडून दात पाहायचे. वरच्या दातांनी खालच्या दातांना कात्रीच्या पात्यासारखे अगदी चिकटून बाहेरून झाकायला हवे. नर असेल तर दोन्ही वृषणे खाली उतरली आहेत का ते चाचपायचे, कारण एकच उतरले असेल तर प्रदर्शनाचा दरवाजा बंद. शेवटी जमिनीवर सोडून चाल पाहायची, समोरून, मागून आणि बाजूने.

मग निकाल लागतो. दोन-चार शब्दांत पिल्लांचे नशीब ठरते. हे ‘शो क्वालिटी’, ही तीन ‘पेट क्वालिटी’, हे ‘प्रॉमिसिंग’. ज्याचा नर वापरला त्याने पैशांऐवजी ‘पिक’ मागितलेला असेल, तर पहिल्या निवडीचा हक्क त्याचा. आपल्याकडे शेळी अर्धेलीने देतात, त्यातलाच हा प्रकार. संभाषणात ‘लाइन’ येते, ‘चॅम्पियन ब्लडलाइन’ येते, ‘बोन’ येते, ‘पेपर’ येतात. नवख्या माणसाला वाटते, आपण सराफाच्या पेढीवर आलो. इथे कस लावूनच सांगत असतील!

बोली दोन असल्या तरी मूळ एकच. खेड्यातला माणूस टाळू पाहतो, शहरातला दात पाहतो. दोघेही डोळ्यांना दिसते ते पाहतात, कारण दिसते त्याचीच पारख करता येते. फरक इतकाच की दात आणि वृषणे यांना प्रदर्शनाच्या नियमांत खरोखरच जागा आहे, टाळूला तीही नाही.

आठव्या आठवड्याचे कोडे

आठवाच आठवडा का? अनुभवी ब्रीडर सांगतात की या वयात पिल्लाच्या शरीराची जी प्रमाणे असतात, तीच ते पूर्ण वाढल्यावर पुन्हा दिसतात. मधल्या महिन्यांत पाय लांबतात, कान मोठे वाटतात, सगळे ओबडधोबड होते. अमेरिकेतल्या परीक्षक पॅट हेस्टिंग्ज यांनी या आठव्या आठवड्याच्या तपासणीचा मोठा प्रसार केला. बांध्यापुरते हे बरेचसे उपयोगी पडते, असा ब्रीडरांचा अनुभव आहे.

तरीही जाणता ब्रीडर एक गोष्ट करतो. तो एक पिल्लू न ठेवता दोन ठेवतो आणि सहा महिने थांबतो. कुत्र्याचे २८ दुधाचे दात चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान पडून ४२ पक्के दात येतात. आठव्या आठवड्यात कात्रीसारखे बसलेले दात तेव्हा पुढे-मागे जाऊ शकतात. तोंडाने तो ‘हेच पिल्लू’ म्हणत असतो आणि हाताने दुसरे राखून ठेवत असतो. या धंद्यातला खरा प्रामाणिकपणा त्या दुसऱ्या पिल्लात असतो.

स्वभावाचे तर आणखीच कठीण. अमेरिकेतल्या वोल्हार्ड दांपत्याने पिल्लांची स्वभावचाचणी लोकप्रिय केली. ४९ व्या दिवशी अनोळखी माणसाने पिल्लाला बोलवायचे, चेंडू टाकायचा, मोठा आवाज करायचा, उताणे धरायचे आणि ते कसे वागते त्याला गुण द्यायचे. व्हिएन्नाच्या संशोधकांनी बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्यांचा जन्मापासून मोठेपणापर्यंत मागोवा घेतला आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा-सात आठवड्यांच्या चाचणीवरून प्रौढ कुत्र्याचे वागणे फारसे सांगता येत नाही, असे त्यांना आढळले. नवी जागा हुंगत फिरण्याची हौस तेवढी बऱ्यापैकी टिकते, बाकी बरेच बदलते.

ते का बदलते, याचे एक उत्तर स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांच्या १९६५ सालच्या ग्रंथात आहे. अमेरिकेतल्या बार हार्बर इथे त्यांनी वर्षानुवर्षे पिल्लांचा अभ्यास केला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला जग ओळखीचे होते. माणसांचे हात, मुलांचा गलका, गुरे, आवाज हे या काळात सवयीचे झाले नाही तर पुढे भीती घर करते. सुरुवातीचे आठवडे आई आणि भावंडेही शिकवत असतात. किती जोरात चावले की समोरचा खेळ सोडतो, हे पिल्लू भावंडांकडूनच शिकते. म्हणजे आपण निवडायला बसतो तेव्हा अर्धे पिल्लू अजून घडायचे असते आणि ते घडवणारे आपणच असतो. ‘लवकर नेलं की लळा लागतो’ म्हणून तीस दिवसांचे पिल्लू उचलून नेणारा त्याची शाळा पहिलीतच बंद करतो. २०१७ साली केंद्र सरकारने केलेल्या श्वानपैदास नियमांत आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायला बंदी आहे.

जे वाखाणाल ते वाढेल

एका पिल्लाची निवड चुकली तर एका घराचा हिरमोड होतो, एवढेच. पण हजार माणसांनी वर्षानुवर्षे एकच गोष्ट निवडली तर सगळी जात बदलते.

रशियात नोवोसिबिर्स्क इथे १९५९ साली द्मित्री बेल्यायेव्ह यांनी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. प्रत्येक पिढीतून माणसाला कमी घाबरणारे तेवढे कोल्हे निवडायचे, रंगरूप पाहायचे नाही. काही पिढ्यांत कोल्हे माणसाळले, शेपट्या हलवू लागले. पण त्याबरोबर काहींच्या अंगावर पांढरे ठिपके आले, काहींचे कान लोंबू लागले. निवड एका गुणाची केली आणि न मागितलेले दुसरेच काही सोबत आले.

कुत्र्यांच्या बाबतीत असा प्रयोग माणसाने कळत-नकळत जगभर केला. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला १८५९ साली पहिले व्यवस्थित श्वानप्रदर्शन भरले, १८७३ साली तिथे केनेल क्लब निघाला, आपल्याकडचा १८९६ साली. प्रदर्शनांनी जाती टिकवल्या, वंशावळी लिहून ठेवल्या, हे श्रेय त्यांचे आहे. पण प्रदर्शनात परीक्षकापुढे मिनिटे थोडी. तेवढ्यात नजरेत भरेल तेच जिंकणार. चपटे तोंड आवडले म्हणून ते आणखी चपटे होत गेले आणि पगला श्वास घेताना घरघर लागली. २००८ साली बीबीसीने यावर एक माहितीपट दाखवला. त्यानंतर इतकी खळबळ झाली की बीबीसीने क्रफ्ट्स या नामांकित प्रदर्शनाचे प्रक्षेपण थांबवले, आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश केनेल क्लबने सख्ख्या भावंडांच्या किंवा आई-मुलाच्या संकरातून झालेल्या पिल्लांची नोंदणी बंद केली.

आता आपल्या कारवानकडे या. त्याचे रूप कोणत्याही मंडळाने ठरवले नव्हते. माळावर सशामागे धावताना जो टिकला त्याची वीण ठेवली गेली. खोल छाती, लांब पाय, उन्हातला दम हे सारे त्या धावेने निवडले. परीक्षक ससा होता आणि तो कुणाची भीड ठेवत नव्हता! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा परीक्षक निवृत्त केला. ते योग्यच झाले, कारण वन्यप्राणी आधीच कमी होत चालले होते. पण त्यामुळे एक जागा रिकामी झाली. आता कारवानची निवड कोण करणार? राखणीची गरज, यात्रेतले बक्षीस की गिऱ्हाइकाची हौस?

हौस कुठे जाते ते उघड आहे. उंची जास्त असेल तर भाव जास्त. रंग वेगळा असेल तर भाव जास्त. मग उंचीसाठी कुणी ग्रेट डेनचा संकर करतो, कुणी वेगासाठी ग्रेहाउंडचा. पिल्लू देखणे निघते, पण वैशाखातल्या मराठवाड्यात भाकरीच्या तुकड्यावर रात्रभर शेत राखणारा काटकपणा त्यात उतरला की नाही, ते आठव्या आठवड्यात दिसत नाही.

नात्यातली सोयरीक

यात्रेत एक नर जिंकतो. पंचक्रोशीतल्या सगळ्या माद्या त्याच्याकडे जातात. पुढच्या वर्षी गावोगाव त्याचीच पिल्ले, आणि त्यापुढच्या वर्षी त्या पिल्लांची आपापसांत सोयरीक. कारण ‘चॅम्पियनचं रक्त’ सगळ्यांनाच हवे असते. हिशेब साधा आहे. सख्ख्या भावंडांच्या संकरातून होणाऱ्या पिल्लात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता २५ टक्के असते, सावत्र भावंडांच्या संकरात साडेबारा टक्के, चुलत-मावस भावंडांच्या संकरात सव्वासहा टक्के. लपलेले दोष अशा वेळी वर येतात. पिल्ले कमी होतात, दगावतात, आजाराला लवकर बळी पडतात. रानातला माणूस याला ‘रक्त पातळ झालं’ म्हणतो. शब्द शास्त्रीय नसला तरी निरीक्षण खरे आहे.

यावर उपाय कागदाचा आहे आणि तो कंटाळवाणा आहे. कोणत्या मादीला कोणता नर, कोणत्या तारखेला, पिल्ले किती, कुठे गेली, एवढे वहीत लिहायचे. शहरी ब्रीडरचे ‘पेपर’ आपण थट्टेवारी नेतो, पण त्यांच्याकडून घ्यायचे तर हेच घ्यावे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजापालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ हाउंड यांची देशी जाती म्हणून नोंद केली, आणि मुधोळजवळ कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने या कुत्र्यांसाठी केंद्रही उभारले. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, माळेगावात दरवर्षी जनावरे एकत्र येतात. पहिल्या बक्षिसाबरोबर एक वहीही देता येईल. खर्च फार नाही.

मागे राहिलेली पिल्ले

पुन्हा त्या पोत्यापाशी येऊ. पाहुण्याने पिल्लू निवडले. बहुधा नर. कारण नराचा रुबाब असतो आणि मादी ‘वीण वाढवते’. मग उरलेली सहा कुठे जातात? दोन नर यात्रेपर्यंत जातील. एखादी मादी पाहुणारावळा नेईल. बाकीच्या? कुणी गावाबाहेरच्या उकिरड्याजवळ सोडतो, कुणी बाजाराच्या दिवशी दुसऱ्या गावात. निवडीच्या भाषेत या पिल्लांना शब्दच नाही. शहरात त्यांना ‘पेट क्वालिटी’ तरी म्हणतात.

यात दुष्टपणा नसेल, पण मोठी विसंगती आहे. खाण तशी माती, असे म्हणणारे आपण. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हेही आपणच म्हणतो. मग आड सोडून पोहराच का निरखतो? पिल्लू पाहायला गेलेल्याने आधी आई पाहावी. ती अनोळखी माणसासमोर कशी वागते, तिची प्रकृती कशी आहे, तिची ही कितवी वीण, हे विचारावे. नियमाप्रमाणे मादी दीड वर्षाची होण्याआधी तिची वीण घेता येत नाही, वर्षातून एकापेक्षा जास्त वीण नाही आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही. शक्य असेल तर तिच्या आधीच्या विणीतली, मोठी झालेली भावंडे पाहून यावीत. दोन वर्षांचा भाऊ जे सांगेल ते दोन महिन्यांच्या पिल्लाची टाळू सांगणार नाही.

आणि जात टिकवायची असेल तर चांगल्या मादीची पिल्लीही चांगल्या घरी जायला हवी. नर एक असला तरी भागते, पण विणीचा आणि पालनाचा भार मादीच वाहते. यात्रेत मान नराला आणि उकिरडा मादीला, हा हिशेब कोणत्याच जातीला फार काळ परवडणारा नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे जनावरांच्या बाहेरही समजावे असे आहे, पण तो विषय वेगळा.

घरधन्याने ‘सगळीच चांगली’ म्हटले, ते पाहुण्याला पटले नव्हते. तो अजून उकिडवा बसलेला असतो. जाणता घरधनी असेल तर यानंतर तो आणखी एक प्रश्न विचारतो, ‘‘कशासाठी पायजे तुम्हाला?’’ राखणीला हवे असेल तर एक पिल्लू, लहान लेकरांच्या घरात हवे असेल तर दुसरे, माळेगावला न्यायचे असेल तर तिसरे. सातही चांगली असतात, पण एकाच कामाला नव्हे. हा प्रश्न न विचारता जो पिल्लू देतो त्याच्याकडून घेऊ नये. आणि ज्याच्याकडे त्याचे उत्तर नाही त्याने मोटारसायकल रिकामी परत न्यावी. पिल्ले अजून आठवडाभर आईपाशी राहतील. त्यांचे काही बिघडत नाही.